आजीची नात, आईचा हंगाम

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका चोवीस वर्षांची आहे. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की ते निघायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे. तोवर ही आणि धाकटा भाऊ गावात आबा-आजीजवळ. बारावीपर्यंत असंच चाललं. ‘आबा-आजी पण तरुणपणी कारखान्यावर जायचे म्हणतात,’ असं तिनं जाता जाता लिहिलं आहे. पुढे तिनं अंबाजोगाईला बी.कॉम. केलं. आता ती छत्रपती संभाजीनगरात एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते आणि आणखी तिघींबरोबर खोली करून राहते. त्या तिघी तिला ‘आजीबाई’ म्हणतात. पहाटे पाचला उठणं, साडी नेसणं, एकादशी धरणं, दिवेलागणीला आडवं न होणं, ताटात अन्न न टाकणं, रेडिओवरची भजनं, म्हाताऱ्या माणसांत रमणं हे सगळं तिला आपसूक येतं. इन्स्टाग्राम, केक, विकेंडच्या सहली यांत जीव गुदमरतो. मध्यंतरी ऑफिसात प्रशिक्षण झालं, त्यात जन्मसालावरून गट पाडले आणि हिला ‘जेन झी’च्या टेबलावर बसवलं. ‘माझं नाव चुकून या यादीत आलंय असं वाटलं,’ ती लिहिते. आबा गेल्या वर्षी वारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी गावात एकटी आहे, गाव सोडायला तयार नाही. आई-वडिलांनी ऊसतोड सोडून तालुक्याच्या गावी चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल टाकलं आहे. ‘आईशी माझं जमत नाही. ती ना धड जुनी ना धड नवी. मोकळी झाली की रील्स बघत बसते. वर मलाच म्हणते, तुला आमच्यासंगं बोलायलाच येत न्हाई.’ एक स्थळ आलं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, ‘तू फारच जुन्या वळणाची आहेस.’ ते अजून होय-नाहीच्या मध्ये आहे. तिचं विचारणं असं : मी चुकीच्या पिढीत जन्मले का? नोकरी सोडून आजीजवळ जाऊन राहू, की स्वतःला बदलू?

तुझ्या वयाकडे बघून ‘तू’ म्हणते आहे, चालेल ना?

पिढीचा प्रश्न तुझ्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, म्हणून तो आधी उरकते. ऑफिसातल्या त्या टेबलाचं मनावर घेऊ नकोस. १९९७ ते २०१२ मध्ये जन्मले ते जेन झी, ही वाटणी अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या मोजणीतून जगभर गेली. त्यांच्या आधीचे मिलेनियल, त्यांच्या आधीचे जेन एक्स आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघरी पाळणे हलले त्यातले ते बूमर. तिकडच्या देशाचा तो हिशेब. आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं? बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या धास्तीनं माणसं बायकापोरांना घेऊन राज्याच्या हद्दीबाहेर जात होती. बाकी देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटल्यावर, १७ सप्टेंबर १९४८ ला, आपण त्यातून सुटलो. तुझी आजी त्या धांदलीतलं लेकरू. तिला कुणी बूमर म्हणालं तर त्या माणसाला मला समोर बसवून चहा पाजायचा आहे. गंमत म्हणजे २०२३ साली त्याच प्यू केंद्रानं जाहीर केलं की पिढ्यांची ही नावं आपण यापुढे जपून वापरू. पिढीचा म्हणून जो फरक दाखवला जातो तो पुष्कळदा नुसता वयाचा असतो, हे त्यांनाही दिसलं. तुमच्या प्रशिक्षकांपर्यंत ही खबर पोचलेली दिसत नाही.

कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९२८ साली पिढी या विषयावर एक निबंध लिहिला, अभ्यासक अजून त्याच्यापासून सुरुवात करतात. त्याचं म्हणणं असं की एका साली जन्मली म्हणून माणसं एका पिढीची होत नाहीत. उमेदीच्या वयात एकाच गोष्टीच्या तडाख्यात सापडली तर होतात, आणि तरीही सगळी तिचा अर्थ एकसारखा लावतील असं नाही. या मापानं तुझी पिढी शोधू. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. तुमच्या डोंगरपट्ट्यात टँकरचा हॉर्न वाजला की घागरी आणि पाइप घेऊन कोण पळायचं? आजी नाही पळायची. टाळेबंदीत कॉलेजचे तास मोबाइलवर आले, तेव्हा रेंज शोधत टेकाडावर कोण गेलं? या आठवणी आजीच्या नाहीत, तुझ्या आहेत. खोलीतल्या तिघींपैकी एखादी जालन्याची किंवा हिंगोलीची असेल तर तिच्याही ह्याच निघतील. ती केक कापते म्हणून तिनं घागर उचललीच नसेल असं तू धरून चालली आहेस. विचारलं आहेस का कधी?

मग आजीच्या पिढीची आहे असं का वाटतं? ऊसतोडीचं गणित ज्यांना ठाऊक नाही अशाही वाचकांसाठी थोडं सांगते. पावसाळ्यात हात रिकामे असताना मुकादमाकडून, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघायचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एकट्यानं जाऊन भागत नाही, जोडीच जावी लागते. उचल फिटेपर्यंत आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत फिरायचं नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तरी खाडा लागतो आणि तो पैशातून कापला जातो. लेकरं सोबत नेली तर शाळा बुडते. त्यावर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आली. पण बहुतेक घरांत चालत आलेली योजना एकच : म्हातारी माणसं.

म्हणजे तुझं निम्मं बालपण, आणि तेही शाळा, परीक्षा, थंडीतला ताप-खोकला हे सगळं ज्यात येतं ते निम्मं, आबा-आजींच्या हाताखाली गेलं. माणूस ज्याच्या हाताखाली वाढतो त्याच्यासारखा उठतो-बसतो. २०१३ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विशीतल्या मुलांना जुनी-नवी गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी त्यांचा जिव्हाळा असणारच. पण आई-बाप तरुण होते तेव्हाच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या, आणि त्याच्याही मागच्या काही गाण्यांशी. घरात जे कानावर पडतं ते आपलं होऊन जातं. तुझ्या कानावर दसरा ते पाडवा आजीच पडत होती. तू चुकीच्या काळात जन्मलीस असं मला कुठेच दिसत नाही. तुला वाढवणारी माणसं एक पिढी मागची होती, एवढंच.

आता आजीच्या काळाबद्दल, कारण तिथं मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

तुझ्या पत्रातली आजी शांत आहे, कमी बोलणारी, आहे त्यात भागवणारी. ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. पंचवीस वर्षांची आजी तू पाहिलेली नाहीस. ती पंचवीसची होती तेव्हा साल होतं १९७२. दुष्काळ म्हटलं की अख्खा मराठवाडा अजून तेच साल सांगतो. विहिरी कोरड्या, जनावरं कवडीमोल, आणि बायाबापड्या दुष्काळी कामांवर. खडी फोडायची, पाझर तलावाची माती उपसायची, नाल्यांना बांध घालायचे. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी धड थापता यायची नाही म्हणून त्या वयाच्या बायका आजही नाव काढतात. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तो या कामांच्या अनुभवातून. म्हणजे आजीची पिढी निमूट सोसणारी होती हेही पूर्ण खरं नाही. कामासाठी मोर्चे काढणारी, तहसीलवर जाऊन बसणारी माणसंही तिच्यातच होती.

तेव्हा ताटात शीत न टाकणं हा ‘जुना संस्कार’ म्हणून तू जपतेस, तो एका विशिष्ट सालच्या भुकेतून आलेला आहे. तू तो जप, मलाही अन्न टाकलेलं आवडत नाही. फक्त त्याला ‘तेव्हाची माणसं चांगली होती’ असं रूप देऊ नकोस. तेव्हाचीच माणसं पाणवठ्यावर कुणी कुठं उभं राहायचं हे जातीवरून ठरवत होती. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा आपल्याच खेड्यांमधून दलितांची घरं जाळली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. जुना काळ बरा होता हे वाक्य गावातल्या प्रत्येक वस्तीत चालत नाही. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या हजारो जात्यावरच्या ओव्या ऐकशील तर त्यांतही जुन्या काळाची नुसती वाहवा सापडायची नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत. बाबासाहेबांवरच्या. जात्यावर बसलेली बाई पुढच्या काळाकडे बघत होती.

तू साडी नेसतेस ती कपाटातून निवडून. एकादशी धरतेस कारण तुला बरं वाटतं. आजीला यातलं काही निवडायची मुभा नव्हती. तिला विचार, ‘आजे, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’ मला नाही वाटत ती म्हणेल की नोकरी सोडून इथं चूल फुंकत बसले असते. म्हणाली तर मला जरूर कळव.

इथवरचं सोपं होतं. आता आईचं.

तुझ्या पत्रात आजी जवळजवळ प्रत्येक ओळीत आहे. आई मोजक्याच ठिकाणी येते, आणि येते तेव्हा तक्रारीत येते. ना धड जुनी, ना धड नवी. मला वाटतं तू एक पिढी मागे गेली नाहीस, मधली एक वगळली आहेस. ती वगळणं तू ठरवून केलं नाहीस, हंगामानं केलं. पण आता तू चोवीस वर्षांची आहेस आणि ते तसंच चालू ठेवते आहेस.

आईकडे एकदा पिढी म्हणून बघ. तुझ्या वयावरून धरलं तर ती १९८०-८१ च्या आसपासची असावी. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा बारा-तेरा वर्षांची. त्यानंतर कितीतरी दिवस लातूर-उस्मानाबाद-बीडकडची माणसं घराच्या आत झोपायला भीत होती. तिला आठवतं का, ती कुठं झोपायची, कुणाच्या शेजारी? हा प्रश्न तू तिला विचारला नसशील. मग लवकर लग्न, मग कोयता. थंडीच्या दिवसांत ओला ऊस, पाचटानं कापलेले हात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढणं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही. पाळी असो, पोट दुखो, खाडा परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा या बायकांच्या अंगावर काय काय निघतं ते राज्याला वाचायला मिळालं. तुझ्या आईच्या आजूबाजूच्या बायका ह्याच. कदाचित ती स्वतःही. मला माहीत नाही, तुलाही माहीत नसावं, आणि मला खटकतं ते तेवढंच.

अशी बाई चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा एका जागी बसली आहे. हॉटेलातली गर्दी ओसरल्यावर तिच्या हातात फोन आहे आणि तिला हसू येईल असं काहीतरी त्यात आहे. बघू दे की तिला रील्स.

आणखी एक. ती तुझी आजी आहे, पण आईची सासू आहे. ज्या शिस्तीनं तुला सुरक्षित वाटलं तीच शिस्त सुनेच्या वाट्याला कशी आली असेल, हे तुला घरातल्या घरात दिसलं नसणार, कारण जेव्हा तू आजीच्या जवळ असायचीस तेव्हा आई घरात नसायची. आई यायची ती उन्हाळ्यात, दमून, सहा महिन्यांसाठी, पुन्हा उचलीच्या चिंतेत. त्या सहा महिन्यांत ती तुला पाहुणी वाटली असेल, तू तिला परकी. ‘तुला आमच्यासंगं बोलायलाच येत न्हाई’ हे तिचं वाक्य मला टोमणा वाटत नाही. तू आजीसारखं बोलतेस. तिला सासूचा आवाज ऐकू येत असेल.

यात तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आई-बाप ट्रकमध्ये बसून निघून जातात, हे लहान लेकराच्या समजुतीत कसंही बसत नाही. ते तुला लागलं असणार. राग असेल, पोरकेपण असेल. असू दे, त्याचा तुला हक्क आहे. पण त्याला ‘माझी पिढी वेगळी’ असं नाव दिलंस की तो राग कुणाशी बोलायचा मार्गच बंद होतो. पिढीशी कुणी भांडू शकत नाही. आईशी भांडता येतं, आणि मग समेटही होतो.

तू जाता जाता लिहिलेल्या त्या ओळीपाशी मी थांबले होते, की आबा-आजीही तरुणपणी कारखान्यावर जायचे. मग तेव्हा तुझ्या वडिलांना कुणी सांभाळलं? ते कुणाच्या पिढीचे झाले? हा प्रश्न आजीला विचार, वडिलांना वेगळा विचार. उत्तरं जुळतीलच असं नाही.

आता नोकरीचं. लगेच राजीनामा देऊ नकोस. आजी एकटी आहे ही खरी अडचण आहे, आणि ‘माझा काळ तिथं आहे’ ही कल्पना आहे. या दोन्हींची गल्लत झाली की निर्णय चुकतो. आधी अडचण बघ. सलग आठ-दहा दिवसांची रजा काढून गावी जा, सणाला नको, साध्या दिवसांत जा. आजीला रात्री किती वेळा उठावं लागतं, गोळ्या वेळेवर होतात का, डोळ्यांचं काय, पाणी कोण भरून देतं, शेजारची कोणती बाई हाकेला येते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये मिळतात का, मिळत असतील तर बँकेतून कोण आणून देतं, हयातीचा दाखला कोण करतं. हे लिहून काढ. बऱ्याच घरांत असं दिसतं की म्हाताऱ्या माणसाला चोवीस तास नात नको असते, सकाळ-संध्याकाळ डोकावणारं कुणीतरी हवं असतं आणि औषधाच्या दिवशी गाडी हवी असते. त्याची सोय पगारातून होते, राजीनाम्यातून होत नाही.

सोय होण्यासारखी नसेल, तर मधला मार्ग बघ. हिशेबाचं काम अंबाजोगाई, केज, परळीतही आहे. आडत दुकानं, पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसं यांना तुझ्यासारखी मुलगी हवीच असते. पगार संभाजीनगरपेक्षा कमी मिळेल, पण खोलीभाडं वाचेल आणि आजी तासाभरावर येईल. आणि हो, आई-वडील तालुक्याला आहेत. आजीच्या देखभालीत तू त्यांना धरलेलंच नाहीस, जणू आजी एकट्या तुझी आहे. तुझ्या वडिलांची ती आई आहे. त्यांना विचारल्याशिवाय यातलं काही ठरवू नकोस.

एवढं सगळं बघून तुला गावीच जावंसं वाटलं, तर जा. त्यात कमीपणा नाही. पण तिथं काय काम करणार, किती दिवस, आणि आजी गेल्यानंतर काय, हे आधी कागदावर असू दे. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्या काळात राहायला गेलीस तर तो काळ फार लांब नाही.

खोलीतल्या मुलींसाठी बदलायची गरज नाही, पण ‘आजीबाई’ ही पाटी तूही थोडी मिरवतेस असं मला पत्रात दिसलं. ती सोयीची आहे. ती गळ्यात असली की नवीन काही शिकायला नको, कुणी बोलावलं तर जायला नको. एखादी संध्याकाळ त्यांच्याबरोबर जा, कंटाळा आला तर सांगून परत ये. आणि पौष-माघात हुरडा येईल तेव्हा तिघींना गावी घेऊन जा. आगटीभोवती बसून ज्वारीची कणसं चोळताना कोण कुठल्या टेबलावरचं ते कळत नाही, आणि आजीलाही चार पोरी आल्याचं बरं वाटेल. तिला फोनमध्ये त्यांचे व्हिडिओ बघायला आवडतात असं निघालं, तर मात्र तुझी पंचाईत आहे.

तुझ्यासारखी पत्रं मला दुसऱ्या टोकाकडूनही येतात. निवृत्त झालेल्या बाई लिहितात की माझं तरुण मुलींशीच जमतं, समवयस्क बायकांच्या गप्पांत जीव रमत नाही, आणि सून म्हणते वयाला शोभत नाही. त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी एकच माहिती देते. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की चाळिशीपुढची माणसं स्वतःला आहेत त्यापेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी तरुण समजतात, आणि पंचविशीच्या आतली मुलं स्वतःला आहेत त्यापेक्षा मोठी समजतात. म्हणजे तू आज म्हातारी आहेस आणि साठीत तरुण होशील, अशी शक्यता बरीच आहे. निवृत्त बाईंनी सुनेला हे वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही. ज्यांची मुलं आज आजी-आजोबांकडे वाढत आहेत, मग ती ऊसतोडीमुळे असो की पुण्या-हैदराबादच्या नोकरीमुळे, त्या आई-बापांना मात्र एक सांगणं आहे. रोजच्या फोनवर ‘जेवलास का, अभ्यास केला का’ एवढंच विचारून ठेवू नका. आज तुम्ही कुठं होतात, काय पाहिलंत, कशानं हसलात, ते सांगा. लेकराला तुमचा दिवस माहीत पाहिजे. नाहीतर ते मोठं होऊन तुम्हाला ‘ना धड जुने ना धड नवे’ म्हणेल.

तू आता काय करायचं, तर आईचे ते हंगाम विचारून घे. ‘कसं होतं गं तेव्हा’ असं विचारलंस तर ती ‘कसलं काय’ म्हणून उठून जाईल. नेमकं विचार. पहिल्या वर्षी कोणत्या कारखान्यावर गेलीस? कोपीत शेजारी कोण होतं? गाडी रात्री आली की मी आठवायचे का तुला? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशाचं काय घ्यायचीस? गावाकडं पहिला फोन कुठून केलास? हॉटेलात भांडी घासता घासता विचार, समोरासमोर बसून नको. हाताला काम असलं की तिकडच्या बायका जास्त बोलतात. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर तिला सांगून कर. आजीच्या ओव्या तू रेकॉर्ड केल्या आहेत असं लिहिलं आहेस, मग हेही कर. आणि एखाद्या दिवशी तिच्या शेजारी बसून तिचे रील्स बघ. त्यातले निम्मे फालतू असतील. काही ऊसतोडीच्या फडातूनच कुणी केलेले असतील, तुझ्या आईसारख्याच बायकांनी, कोयता बाजूला ठेवून. ते ती बघत असेल तर का बघते हे तुला सांगावं लागणार नाही.

राहिलं स्थळ. मुलगा ‘जुन्या वळणाची’ म्हणाला, त्यावरून तो नापसंत करतो आहे असं तू धरलंस. त्यानं नेमकं काय म्हटलं ते तुला माहीतच नाही. पहाटे उठणं म्हणाला, फोटो न टाकणं म्हणाला, की लग्नाआधीच्या फोटोशूटला नाही म्हणणं? हे त्याला सरळ विचार. मला त्याच्यापेक्षा दुसऱ्या घरांची काळजी जास्त वाटते, जिथं ‘जुन्या वळणाची’ ऐकून डोळे चमकतील. मान खाली घालणारी, पगार सासूच्या हातात देणारी, हुंड्याच्या बोलणीत गप्प बसणारी सून असा त्यांचा अर्थ असतो. तू एकादशी धरतेस, पण हिशेब तुझा तू ठेवतेस, नोकरी लग्नानंतरही चालू ठेवणार, आणि हुंडा देणार नाही, असं आहे ना? मग हे तिन्ही एका दमात सांगायची सवय कर, या मुलाला आणि पुढच्या कुणालाही. त्याला फोन तूच कर. आईला करायला लावू नकोस, पण केल्यावर काय झालं ते आजीच्या आधी तिला सांग.